नागपूर मनपा स्वतःचा १ टक्का विक्रीकर लावू शकते का? चुंगीच्या (जकातीच्या) काळापासून बिलं पाहतोय, म्हणून जरा लांबच लिहितो

प्रश्न थोडक्यात असा आहे. महालात स्टेशनरीचं दुकान असलेल्या एका दादांची बहीण अमेरिकेत राहते, तिच्या शहरात सध्या चर्चा चालू आहे की अग्निशमन, वाचनालय आणि रस्ते यांच्यासाठी अर्धा टक्का लोकल सेल्स टॅक्स लावायचा, आणि त्यावर लोक मतदान करणार आहेत. दादांचं म्हणणं, आपल्या मनपाने असाच १ टक्का लावला तर रस्ते, आपली बस, दिवाबत्ती सगळ्याला पैसा येईल, मग आपण का नाही करत? आणि शेवटी हळूच विचारलंय की लावलाच तर माझं गिऱ्हाईक पळेल का.

मी ३० वर्षांच्या वर इतवारी, गांधीबाग, मस्कासाथच्या व्यापाऱ्यांची कराची कामं केली. आधी विक्रीकर, मग २००५ पासून व्हॅट, मधे एलबीटी (स्थानिक संस्था कर), आता जीएसटी. म्हणजे हा चित्रपट मी तीनदा पाहिलाय आणि दरवेळी इंटरव्हलनंतर गोष्ट बदलली.

सरळ उत्तर आधी देतो. नाही लावता येत. मनपाने सभागृहात ठराव केला तरी नाही, आणि राज्य सरकार उद्या म्हणालं की घ्या बाप्पा लावून, तरी वही-पेनावर नाही. काहून, ते सांगतो.

आपल्याकडे कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, हे संविधानाच्या कलम २६५ मध्ये लिहिलंय. मनपाला कर लावायचा अधिकार स्वतःचा नसतोच, कलम २४३ एक्स म्हणतं की राज्याचं विधिमंडळ कायदा करून तो अधिकार देईल. म्हणजे राज्याच्या खिशात असेल तेच राज्य मनपाला देऊ शकतं. आणि २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीत राज्याचा तोच खिसा शिवून टाकला. स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावरचा कर, म्हणजे जकातीचा पाया असलेली राज्य सूचीतली (घटनेतली राज्याच्या अधिकारांची यादी) ५२ नंबरची नोंद, ती काढूनच टाकली. विक्रीकराची ५४ नंबरची नोंद राहिली पण पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू, विमानाचं इंधन आणि दारू एवढ्यापुरतीच. जाहिरात कराची ५५ पण गेली. बाकी सगळा माल आणि सेवा कलम २४६ ए खाली जीएसटीत, आणि तिथे संसद आहे, राज्य आहे, मनपाचं नाव नाही. पेनवर, वहीवर, स्टेपलरवर शहराचा वेगळा विक्रीकर लावायला दारच उरलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नागपूरकरांनाच माहीत नसते. भारतात विक्रीकराचा पहिला कायदा आपल्याच गावातून निघाला. नागपूर तेव्हा सीपी अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) प्रांताची राजधानी, आणि १९३८ मध्ये या प्रांताने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर ५ टक्के कर लावला. दिल्लीचं सरकार म्हणालं हे तर उत्पादन शुल्क झालं, ते आमचं. मामला नव्या फेडरल कोर्टात गेला, मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश होते, आणि निकाल प्रांताच्या बाजूने लागला की विक्रीवरचा कर प्रांत लावू शकतो. ज्या गावाच्या कायद्याने देशातल्या सगळ्या प्रांतांना विक्रीकराचा रस्ता मोकळा झाला, त्या गावाच्या मनपाला आज एका पेन्सिलीवर कर लावता येत नाही. असो.

आता चुंगी. कागदोपत्री जकात, पण आपल्याकडे जुनी माणसं चुंगीच म्हणायची. वाडी, पारडी, कामठी रोड, जिथून ट्रक शहरात शिरतो तिथे नाका. हा शहराचा स्वतःचा, रोजच्या रोज हातात पडणारा नगद पैसा होता. मनपाचे पगार, रस्ते, सगळं त्याच्यावर चालायचं. पण वसुली कशी होती ते ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. माझ्या एका इतवारीच्या अशिलाचा लुधियानाहून सायकलच्या पार्टांचा ट्रक यायचा, रात्री दोनला नाक्यावर पोचला तर सकाळपर्यंत उभा, मग बिलातली किंमत पटत नाही म्हणून पुन्हा दोन तास, ड्रायव्हर खोळंब्याचे पैसे मागणार, इकडे दुकानात हमाल बसून. नाक्यावर पावतीशिवाय काय काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी कशाला लिहू. त्यामुळे व्यापाऱ्यांनी जकातीचा राग केला तो बहुतेक कराचा नव्हता, नाक्याचा होता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामी येतो.

मग नाके उठवायचे म्हणून एलबीटी, स्थानिक संस्था कर. राज्यात २०१० पासून काही महापालिकांत आला, आपल्याकडे १ एप्रिल २०१३ पासून. कल्पना कागदावर चांगली होती, ट्रक थांबवायचा नाही, व्यापाऱ्याने बाहेरून किती माल शहरात आणला ते त्याच्याच वह्यांवरून काढायचं आणि दर महिन्याला कर भरायचा. झालं काय, तर माझ्या ऑफिसात दोन पोरं नुसती खरेदीची बिलं वेगळी करायला बसवावी लागली. हे बिल गांधीबागेतल्या नोंदणीवाल्याकडून घेतलं म्हणजे एलबीटी नाही, हे भिवंडीहून आलं म्हणजे आहे, हे कामठीहून आलं, कामठी तर १५ किलोमीटरवर पण मनपा हद्दीबाहेर, म्हणजे आहे. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा. व्हॅटचं विवरण वेगळं, याचं वेगळं, आणि मनपाचे अधिकारी दुकानात येऊन वह्या तपासणार ही धास्ती. तेव्हा आठवतं ना, दुकानं बंद, मोर्चे, पुण्यापासून इथपर्यंत. शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवाल्यांना सूट दिली, म्हणजे इतवारीतले जवळपास सगळेच सुटले, आणि उरलेला एलबीटी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपला. मुंबईची जकात पण त्याच दिवशी गेली.

म्हणून म्हणतो, १ टक्का शहराचा कर हा काही नवा विचार नाही, आपण दोन वेगळ्या रूपात करून सोडलेला आहे.

बरं मग मनपाला त्या बदल्यात काय मिळालं? राज्याने २०१७ मध्येच नुकसानभरपाईचा वेगळा कायदा केला. २०१६-१७ हे पायाचं वर्ष धरायचं, त्या वर्षीचं उत्पन्न आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, एवढे पैसे राज्य दर महिन्याला महापालिकांना देणार. हिशेब सोपा आहे, १०० रुपये असतील तर ८ टक्क्यांनी ९ वर्षांत २०० होतात. ऐकायला बरं वाटतं. पण दोन गोष्टी पाहा. एक, पायाचं वर्ष असं पकडलं की त्याच्या आधीच बहुतेक व्यापारी एलबीटीतून सुटलेले होते, त्या काळात शहराची स्वतःची वसुली काय राहणार, मग भरपाईचे आकडे आणि दुरुस्त्या यावर सगळ्याच शहरांची सरकारदरबारी ये-जा चालू राहते. दोन, आणि माझ्या मते हीच मोठी गोष्ट, पैसा आला पण लगाम गेला. जकात वाढली की मनपाला कळायचं शहराचा धंदा वाढतोय. आता मिहानच्या औद्योगिक भागात दहा कंपन्या आल्या काय, कळमन्याच्या बाजाराची आवक दुप्पट झाली काय, मनपाच्या भरपाईत एक रुपयाचा फरक नाही. ८ म्हणजे ८. शहराने धंदा वाढवायला काही केलं तर त्याच्या पदरात काही पडत नाही, असली व्यवस्था.

दादांच्या प्रश्नाचा खरा गाभा मला इथे दिसतो. शहराला स्वतःचा पैसा हवा हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त विक्रीकर हे त्याचं भांडं नाही.

समजा उद्या घटना बदलली आणि १ टक्का लावायला मोकळीक मिळाली. मग काय होईल ते दुकानदाराच्या गल्ल्यावरून पाहू.

पहिली अडचण एमआरपी. अमेरिकेत बहिणीला विचारा, शेल्फवर २० डॉलर लिहिलेलं असतं आणि काउंटरवर बिल जास्तीचं येतं, कारण कर वरून लागतो. त्यामुळे शहराने अर्धा टक्का वाढवला की मशीनमध्ये दर बदलला, काम झालं. आपल्याकडे पाकिटावर छापलेली किंमत सगळे कर धरून असते, त्याच्या वर एक पैसा घेता येत नाही. एकेकाळी पाकिटावर लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा असं छापून यायचं, ते दिवस गेले. मग दादा, १० रुपयांच्या पेनावर शहराचे १० पैसे तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेणार कसे? तुमच्या मार्जिनमधूनच जाणार. कंपनी काय फक्त नागपूरसाठी वेगळं पाकीट छापणार आहे का, नाही छापणार.

दुसरी, साखळी. अमेरिकेत हा कर शेवटच्या विक्रीवर असतो, पुढे विकायला माल घेणारा दुकानदार सर्टिफिकेट देतो आणि कर लागत नाही. ही सोय नीट नसेल तर इतवारीच्या ठोकवाल्यावर १ टक्का, मग महालच्या दुकानावर १ टक्का, मग मोहल्ल्यातल्या किराण्यावर आणखी १, आणि आधी भरलेल्या कराची जमा-वजावट कुठे मिळणार नाही. आपण व्हॅट आणि जीएसटी आणला तो याच कराच्या डोक्यावर कर थांबवायला ना.

तिसरी अडचण सहसा कोणी बोलत नाही, पण रिटर्न भरणाऱ्याला लगेच कळते. जीएसटीत शहर नावाचा रकानाच नाही हो. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, एका कंपनीची नागपुरात चार, पुण्यात सहा, अकोल्यात एक दुकानं असतील तरी साधारणपणे नंबर एक, महिन्याचं रिटर्न एक, विक्रीची बेरीज एक. त्यातली नागपूरची किती हे रिटर्नमधून कोणीच सांगू शकत नाही, खुद्द खातंही नाही. ई-इनव्हॉइसवर (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) पिनकोड असतो पण ते ५ कोटींच्या वरच्या उलाढालीवाल्यांना आणि तेही व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांना. तुमच्यासारख्या काउंटर सेलला नाही. आणि ४० लाखांच्या आतले किराणावाले, २० लाखांच्या आतले चहावाले तर नोंदणीतच नाहीत, काही कॉम्पोझिशन योजनेत आहेत (उलाढालीवर ठरावीक टक्के भरायचे), त्यांना बिलात गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. म्हणजे शहराचा विक्रीकर म्हणजे परत वेगळी नोंदणी, वेगळं रिटर्न, वेगळा इन्स्पेक्टर. एलबीटीच की.

आणि तुमचं गिऱ्हाईक पळेल का, तर पाहा, १ टक्क्यासाठी महालचा माणूस वही घ्यायला वाडीला जात नाही. १०० रुपयांवर १ रुपया, पेट्रोलच जास्त लागेल. पण ५ लाखांचं फर्निचर, ट्रॅक्टरचे टायर, घराचं सिमेंट-लोखंड घेणारा मात्र नक्की जातो. चुंगीच्या काळात वाडी, कामठी रोड, हिंगण्याकडे हद्दीच्या पलीकडे गोदामं का उभी राहिली, त्यात जमिनीचा भाव होता, हायवे होता, पण चुंगीही होती, मी स्वतः अशिलांना बिलिंग तिकडून करा असा सल्ला दिलाय, लपवत नाही. आज तर ऑनलाइन आहे. अमेरिकेतही हाच घोळ झाला होता, शहरं रडत होती की ऑनलाइनवाले कर गोळा करत नाहीत, मग २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की दुकान राज्यात नसलं तरी कर गोळा करायला लावता येईल.

अमेरिकेचं थोडं सांगतो, कारण तिथलं उदाहरण अर्धवट घेतलं की गडबड होते. तिथे केंद्राचा विक्रीकर नाहीच, ४५ राज्यांना आहे, ५ ना नाही, आणि त्यातल्या अलास्कात राज्याचा नाही पण गावं स्वतःचा लावतात. टेक्सासमध्ये राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक सगळे मिळून २ टक्क्यांच्या वर जायचं नाही, म्हणजे ८.२५ ला टोपी. कॅलिफोर्नियात शहराने साध्या तिजोरीसाठी कर लावायचा तर निम्म्याच्या वर मतं पुरतात, पण शहराने स्वतः ठरावीक कामासाठीच असं बांधून मांडला तर दोन तृतीयांश लागतात, १९९६ च्या प्रॉपोझिशन २१८ मध्ये (लोकांच्या मतदानाने झालेली तिथली घटनादुरुस्ती) हे दोन्ही लिहिलंय. गंमत पाहा, पैसा कुठे खर्च होणार ते शहर लिहून देत असेल तर पास करणं जास्त अवघड. तरी लोक पास करतात. लॉस एंजेलिस काउंटीत बेघरांच्या सोयींसाठी २०१७ मध्ये पाव टक्का लागला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी त्याच्या जागी अर्धा टक्का मंजूर केला. पण तिथेही तक्रार तीच की विक्रीकर गरिबाला जास्त लागतो, कारण तो कमावलेलं सगळं खर्च करतो, म्हणून बऱ्याच राज्यांत किराण्याला सूट आहे. आपल्याकडे तर मनपाला मार्च २०२२ पासून पुढे काही वर्षं निवडलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. कोणाला विचारून लावला असता कर?

मग काय करता येईल. पेट्रोल-डिझेलवर राज्याचा हात अजून आहे, आणि शहरागणिक वेगळा दर हे महाराष्ट्रात झालेलंच आहे, मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवर २४ टक्के आणि बाकी राज्यात २१ असं होतं, २०२४ च्या बजेटमध्ये ते सारखं केलं. म्हणजे कायद्याने शक्य, पण पेट्रोल वाढवा म्हणणारा आमदार मला दाखवा. मुद्रांक शुल्कावर १ टक्का अधिभार शहरांसाठी आहेच, मेट्रोसाठी वेगळा, फ्लॅट घेणाऱ्याला विचारा तो सांगेल. करमणुकीवरचा कर घटनेने आजही मनपाला लावता येतो, तामिळनाडूने २०१७ मध्ये सिनेमावर लावला तर थिएटरवाल्यांनी बंद पुकारला. व्यवसाय कर वर्षाला २५०० च्या वर नेता येत नाही, कलम २७६, ती मर्यादा १९८८ ची, तेव्हाचे २५०० आणि आजचे २५०० याचा विचार कोणी करत नाही, आणि तसाही तो राज्य घेतं.

मला विचाराल तर दोनच गोष्टी. एक म्हणजे राज्याला मिळणाऱ्या एसजीएसटीतून (जीएसटीतला राज्याचा हिस्सा) शहरांना ठरलेला वाटा कायद्याने मिळावा, ८ टक्क्यांच्या ठरावीक वाढीऐवजी. तुम्ही १००० रुपयांचा शर्ट घेतला तर ५ टक्के म्हणजे ५० रुपये कर, त्यातले २५ राज्याचे. त्या २५ मधले चार-पाच रुपये शहराला आले तर नवीन कर नाही, नवीन रिटर्न नाही, नवीन इन्स्पेक्टर नाही. वाटणी लोकसंख्येवर करा, क्षेत्रफळावर करा, रिटर्नमध्ये एक शहराचा रकाना घाला, ते बसून ठरवता येतं.

दुसरं म्हणजे घरटॅक्स, तो तेवढा एक नळ मनपाच्या हातात खरा उरलाय, आणि आपण नागपूरकर तोच उघडत नाही. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, तरी माणूस भरत नाही, काहून की निवडणुकीच्या आधी अभय योजना येणार आणि शास्ती माफ होणार. माझे अर्धे अशील असेच बसलेले असतात, आणि मी त्यांना थांबा म्हणून सांगत नाही पण थांबले तर चुकीचंही म्हणत नाही, कारण वेळेवर भरणाऱ्याला मिळतं काय, थोडी सूट आणि मागच्याची माफी पाहत राहणं. १ टक्का विक्रीकराची गोष्ट करण्याआधी ही एक सवय मोडली तरी बराच पैसा घरातच सापडेल असं माझं मत.

दादा, एक काम करा, दुकानाचं घरटॅक्सचं बिल काढा आणि ओळीओळीने वाचा. त्यात शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर अशा ओळी दिसतील, दुकान असल्याने दुसरी नक्कीच. त्या दोन्ही १९६२ च्या राज्याच्या कायद्याखाली आहेत, मनपा फक्त वसूल करून पुढे पाठवते. त्या वगळून जी रक्कम उरते तेवढीच तुम्ही शहराला देताय, रस्ता आणि दिव्यासाठी. ती १२ ने भागा आणि तुमच्या दुकानाच्या महिन्याच्या लाइटबिलाच्या शेजारी ठेवून पाहा.